डोळ्यात थेंब घालून घेण्याआधी

“उद्या सकाळी परत या. आज आजींच्या डोळ्याचं माप घ्यायचं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी असे म्हटले आणि आमच्या आईचा चेहराच उतरला. सकाळी सहाची एस.टी. पकडून आम्ही आलो होतो. भावाने रजा टाकली होती. मी पहाटे उठून पोळीभाजी करून, मुलांचे डबे भरून निघाले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरवायची, आत बसवायच्या भिंगासाठी डोळ्याचे माप द्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने घरी, असा सगळा बेत. तो मोडला.

“अहो डॉक्टर, डोळ्यात औषध घालून तासभर बसवलंय तिला. आता मशीनपुढे हनुवटी टेकवायची तेवढं तर राहिलंय! दोन मिनिटांचं काम,” भाऊ जरा चिडूनच म्हणाला.

“औषध घातलंय म्हणूनच आज माप नको,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आमच्याकडे गर्दीत क्रम चुकला. माप आधी घ्यायला हवं होतं, थेंब नंतर. चूक आमची आहे, हेलपाटा तुम्हाला पडतोय. पण चुकीच्या मापाचं भिंग आत बसलं, तर ते आजींना जन्मभर वागवावं लागेल.”

मुक्काम मावशीकडे झाला. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला मात्र राहून राहून एकच प्रश्न पडत होता. डोळ्यात घातलेल्या दोन थेंबांनी डोळ्याचे माप कसे काय बदलते? दुसऱ्या दिवशी मी बाईंना तो विचारला. त्यांनी वेळ काढून समजावून सांगितले. ते मला इतके नवे आणि उपयोगाचे वाटले, की तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

डोळ्यावरची साय

अश्रू म्हटले की आपल्याला रडणे आठवते. पण न रडतासुद्धा आपल्या डोळ्यावर चोवीस तास अश्रूंचा एक पातळ थर असतो. किती पातळ? सुमारे 3 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा! एवढासा थर, पण त्यात कामाची वाटणी अगदी चोख.

सर्वांत आत, बुबुळाला लागून, भेंडीच्या बुळबुळीसारखा चिकट श्लेष्म असतो. त्याच्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहते. तो नसता तर तेलकट ताटावरून ओघळावे तसे पाणी ओघळून गेले असते. त्यावर खारट पाण्याचा भाग असतो. हे पाणी मुख्यतः वरच्या पापणीआड, कानाच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीतून येते. आणि अगदी वर तेलाचा तवंग. पापण्यांच्या कडेला, केसांच्या रांगेच्या आतल्या बाजूला बारीक तैलग्रंथींची तोंडे असतात, तिथून हे तेल येते. आमटीवर तवंग असला की ती लवकर निवत नाही ना, तसा हा तवंग खालचे पाणी वाळू देत नाही.

आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. दर वेळी हा थर नव्याने सारवला जातो. अंगणात सडा घालून सारवण केल्यासारखेच म्हणा. या सारवणाची कामे तरी किती! बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला हवेतला प्राणवायू या थरातून मिळतो. धूळ धुतली जाते, जंतूंना अटकाव होतो. आणि प्रकाश डोळ्यात शिरताना सर्वांत आधी वाकतो तो याच थरावर. म्हणजे डोळ्याचे पहिले भिंग हे अश्रूंचे असते. ते सपाट, सलग आणि चकचकीत असेल तरच समोरचे स्पष्ट दिसते.

आता भावाच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या लक्षात येईल. डोळ्याचे माप घेणारे यंत्र पारपटलावर पडलेले प्रकाशाचे प्रतिबिंब बघते आणि त्यावरून त्याची गोलाई मोजते. अश्रूंचा थर ठिकठिकाणी फाटलेला असेल, तर प्रतिबिंब वेडेवाकडे पडते. तळ्याच्या पाण्यावर वारा सुटला की काठावरचे देऊळ हलताना दिसते, तसे. देऊळ जागचे हललेले नसते, पण मोजणारा फसतो. गोलाईच्या मापात एका नंबराची चूक झाली, तर भिंगाच्या नंबरात जवळजवळ तेवढीच चूक होते.

तपासणीचे थेंब तीन प्रकारचे

डॉक्टर तपासताना डोळ्यात घालतात ते सगळे “औषध” एकच, असे मीही समजत होते. तसे नाही.

पहिला प्रकार बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा. बाहुली म्हणजे डोळ्याची खिडकी. ती मोठी केल्याशिवाय आतला दृष्टिपटल नीट दिसत नाही. ट्रॉपिकामाइड हे त्यातले नेहमीचे औषध. त्याचा अंमल साधारण चार ते सहा तास राहतो. लहान मुलांचा नंबर काढायला सायक्लोपेंटोलेट घालतात, त्याचा अंमल दिवसभर टिकतो. आणि ॲट्रोपीन घातले तर बाहुली आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही मोठी राहते. ॲट्रोपीनचे नाव परके वाटले, तरी ते आपल्या धोतऱ्यातही असते. धोतऱ्याची झुडपे उपटताना हात चुकून डोळ्याला लागला आणि एक बाहुली मोठी झाली, असे शेतात काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत घडते. युरोपात याच कुळातल्या एका विषारी झाडाला ‘बेलाडोना’ म्हणतात. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘सुंदर स्त्री’. डोळे टपोरे, काळेभोर दिसावेत म्हणून तिकडच्या बायका त्याचा रस डोळ्यात घालीत! नटण्यापायी बायकांनी सोसलेल्या गोष्टींत हीही एक.

ॲट्रोपीनच्या कुळातली औषधे शरीरातले पाझर आटवतात. तोंडाला कोरड पडते, तसे अश्रूही कमी होतात. ज्यांचे डोळे मुळातच कोरडे आहेत, त्यांना ते जास्त जाणवते.

दुसरा प्रकार डोळा बधिर करणाऱ्या थेंबांचा. डोळ्यातला दाब मोजायचा किंवा कुसळ काढायचे, तर डोळ्याला हात लावू देईल कोण? म्हणून प्रोपॅराकेनसारखा थेंब घालतात. 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे दाखवून दिले, आणि डोळ्याची ऑपरेशने सुसह्य झाली. पण त्या कोकेनने पारपटल कोरडे पडून खराब होते, हेही लवकरच ध्यानात आले. आजची औषधे त्यामानाने पुष्कळ सौम्य आहेत. तरी मूळ गोष्ट तीच. बधिर डोळ्याला कोरडेपणा कळत नाही, त्यामुळे पापणी कमी मिटते आणि पाणीही कमी सुटते. पाव तास, वीस मिनिटे हा अंमल राहतो. तेवढ्या वेळात डोळा बेवारशी घरासारखा असतो. दारात कोण आले, त्याला पत्ता नाही.

तिसरा प्रकार रंगाचा. फ्लोरेसिन नावाचा नारिंगी रंग निळ्या प्रकाशात हिरवागार चमकतो. जर्मनीतल्या आडोल्फ फॉन बायर या रसायनशास्त्रज्ञाने तो 1871 साली प्रथम तयार केला. डोळ्यात हा रंग लावून डॉक्टर निळ्या दिव्याने बघतात आणि तुम्हाला पापणी न मिटता समोर बघायला सांगतात. हिरव्या थरात काळे ठिपके, रेघा दिसू लागल्या की थर फाटला. दहा सेकंदांच्या आत फाटला तर अश्रूंचा थर टिकाऊ नाही असे समजतात. पण गंमत बघा, रंग जास्त पडला तर त्या ओझ्यानेच थराची घडी विस्कटते. म्हणून रंगाची कागदी पट्टी जेमतेम ओली करून पापणीच्या आत किंचित टेकवायची असते.

तवंग आणि साबणाचा थेंब

यांखेरीज एक चौथा पाहुणा न सांगता येतो. बाटली उघडल्यावर औषधात जंतू होऊ नयेत म्हणून बहुतेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचे टिकवणारे रसायन असते. त्याचा गुण साबणासारखा. हे घरी करून बघण्यासारखे आहे. वाटीत पाणी घ्या, त्यावर तेलाचे दोन थेंब टाका आणि भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब मधोमध सोडा. तवंग क्षणात फाकतो. आपल्या डोळ्यावरच्या तवंगाचेही असेच होते. तवंग फाटला की खालचे पाणी भराभर वाळते आणि डोळे चुरचुरू लागतात.

शिवाय बाटलीतला थेंब आपल्याला एवढासा वाटतो, पण डोळ्याच्या मानाने तो पूर आहे. डोळ्यावर एरवी सुमारे 7 मायक्रोलिटर अश्रू असतात, आणि बाटलीचा एक थेंब असतो 30 ते 50 मायक्रोलिटरचा. जास्तीचे औषध गालावर ओघळते किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीतून नाकात, घशात उतरते. म्हणूनच घशाशी कडू लागते. एका वेळी एकच थेंब पुरतो.

हे वाचून घाबरू मात्र नका. निरोगी डोळ्यात हा सगळा गोंधळ काही तासांत आपोआप निवळतो. आणि थेंब नकोत असा हट्ट तर मुळीच धरू नका. मधुमेह असलेल्या बाईने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घेतलाच पाहिजे. मुद्दा थेंब टाळण्याचा नाही, क्रमाचा आहे. भाताला वाफ धरली का हे बघायला झाकण काढले, की वाफ निघून जाते. तसेच अश्रूंचे. अश्रू तपासायचे तर डोळ्याला हात लागण्याआधी तपासावेत.

जर्मन डॉक्टर ओटो शिर्मर यांनी 1903 साली सांगितलेली एक साधी चाचणी आजही केली जाते. 5 मिलिमीटर रुंद आणि 35 मिलिमीटर लांब अशी टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटे ठेवतात. निरोगी डोळ्यात ती 10 ते 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजते. पाचसुद्धा भिजली नाही तर अश्रू नक्कीच कमी. पण हीच पट्टी डोळा बधिर करून लावली, तर ती कमी भिजते, कारण पट्टी टोचल्यामुळे येणारे पाणी मग येतच नाही. दोन्ही तऱ्हांनी ती करतात, पण कोणत्या तऱ्हेने केली हे कागदावर लिहिलेले असावे. नाहीतर गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या आकड्यांची तुलना म्हणजे शेरात मोजलेले आणि किलोत मोजलेले धान्य एकाच हिशेबात धरण्यासारखे.

जाऊबाईंची गोष्ट

बाईंचे बोलणे ऐकताना मला आमच्या धाकट्या जाऊबाई आठवत होत्या. कारण आमच्या घराने या थेंबांचा खरा धडा त्यांच्याकडून घेतला आहे, आणि तो महागात पडला.

चार वर्षांपूर्वी तूर पाखडताना त्यांच्या डोळ्यात फोलपट गेले. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी थेंब घालून डोळा बधिर केला आणि फोलपट काढले. “थेंब पडला आणि वहिनी, जणू दुखणं कधी नव्हतंच!” असे त्या मला सांगत होत्या. अर्ध्या तासाने अंमल उतरला आणि डोळा पुन्हा खुपू लागला. फोलपटाने पडलेला ओरखडा भरून यायला एक-दोन दिवस लागणारच होते. पण जाऊबाईंच्या मनातून तो थेंब जाईना. पुतण्याने बाटलीवरचे नाव लक्षात ठेवले होते. ओळखीच्या दुकानातून त्याने ती बाटली आणून दिली. काकूचे दुखणे बघवत नव्हते म्हणून, चांगल्याच मनाने.

पाच दिवस त्या तासातासाला थेंब घालीत राहिल्या. दुखले की थेंब, थेंब पडला की आराम. आराम मात्र दर वेळी थोडा कमी काळ टिके. सहाव्या दिवशी डोळा लालबुंद झाला, उजेड सहन होईना, आणि बुबुळावर पांढरट डाग दिसू लागला. तेव्हा त्यांना शहरात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती बाटली काढून घेण्याची.

झाले होते असे. बधिर डोळा कोरडा पडत होता आणि त्यांना कळत नव्हते. शिवाय हे औषध पारपटलावरच्या जखमेला भरूच देत नाही. नवी कातडी सरकून जखम झाकू पाहते, तिलाच ते अडवते. दोन दिवसांत बरे झाले असते ते दुखणे दीड महिना चालले. डोळा वाचला, पण फूल पडले. आजही त्या डोळ्याने त्यांना धुक्यातून बघितल्यासारखे दिसते.

“मला वाटलं, डॉक्टरांनीच घातलेलं औषध, त्यात वाईट काय असणार?” असे त्या अजूनही म्हणतात. मैत्रिणींनो, यातच सगळे आले. जे औषध डॉक्टरांच्या हातात एका थेंबापुरते वरदान असते, तेच आपल्या फळीवर विष होते. डोळा बधिर करणारा थेंब कुठलाही जाणता डॉक्टर घरी देत नाही. कुणी कितीही ओळखीचा असो, मागू नका, आणून घेऊ नका, कुणाला देऊ नका.

डॉक्टरांना आधीच सांगा

पुष्कळ बायका डॉक्टरांपुढे बसल्या की विचारलेल्याचे तेवढेच उत्तर देतात. या गोष्टी न विचारता सांगा:

डोळे संध्याकाळी चुरचुरतात का, वाळू गेल्यासारखे खुपतात का, उगाचच पाणी येते का? हो, पाणी येणे हेही कोरडेपणाचे लक्षण असू शकते. थर फाटला की डोळा टोचतो आणि मग पाण्याचा लोंढा येतो. पाळी जाण्याच्या वयात हा त्रास वाढतो, आणि एकूणच तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

सर्दीच्या, खाजेच्या, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का? यातल्या काहींनी अश्रू कमी होतात. रक्तदाब, हृदयविकार असेल तर तेही सांगा, कारण बाहुली मोठी करणारे काही थेंब त्यांना चालत नाहीत.

घरात कुणाला काचबिंदू आहे का? काहींच्या डोळ्यातला पाणी निचरण्याचा कोपरा जन्मतः अरुंद असतो. बाहुली मोठी केल्यावर तो बंद होऊन डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो.

मोतीबिंदूच्या भिंगाचे माप घ्यायचे असेल तर खुशाल विचारा, “माप थेंब घालण्याआधी घेणार ना?” यात उद्धटपणा काही नाही. चांगले डॉक्टर असा प्रश्न ऐकून खूशच होतात.

त्या दिवशी घरी

* तपासणीला जाताना काजळ, सुरमा लावू नका. त्याचे कण तैलग्रंथींच्या तोंडात बसतात आणि अश्रूंच्या थरातही तरंगतात. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलींनी ती काढून जावे. फ्लोरेसिनने मऊ लेन्सला रंग चढतो.

* थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरा. औषध घशात कमी उतरते. लहान मुलांच्या बाबतीत हे जरूर करा.

* डोळा बधिर केला असेल तर निदान अर्धा तास चोळू नका. कुसळ गेले तरी कळणार नाही.

* बाहुली मोठी असताना स्कूटर चालवू नका, रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरा. काळा चष्मा किंवा छत्री बरोबर न्या. त्या दिवशी विळीवर चिरणे, सुईदोरा आणि मोबाईल बाजूला ठेवा. जवळचे दिसत नाही म्हणून रोखून बघत बसलात, तर पापणी कमी मिटते आणि कोरडेपणा वाढतो.

* पंख्याच्या थेट वाऱ्यात बसू नका. फोडणीच्या धुरापासून एक दिवस दूर राहा. तेवढी एक आमटी दुसऱ्या कुणी केली तर घर बुडत नाही!

* चुरचुरले तर स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवा. गुलाबपाणी, मध, एरंडेल, बाळंतिणीचे दूध यांतले काहीही डोळ्यात घालू नका. कोरडेपणाचे थेंब वरचेवर लागत असतील, तर टिकवणारे रसायन नसलेले थेंब मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

* मुलाला ॲट्रोपीन घातल्यावर चेहरा लाल झाला, अंग तापले, तोंड कोरडे पडले किंवा मूल बरळू लागले, तर ताबडतोब डॉक्टरकडे न्या. मोठ्या माणसाचा डोळा जोरात ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका.

आईचे माप दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळ्यात काहीही न घालता घेतले. बाईंनी ते दोनदा घेऊन ताडून पाहिले. पंधरा दिवसांनी ऑपरेशन झाले. परवा तिच्याकडे गेले तेव्हा ती ओसरीवर बसून समोरच्या रस्त्याने येणाऱ्या एस.टी.ची पाटी मोठ्याने वाचून दाखवत होती. जवळच्या वाचनाला चष्मा लागतो, तो तर लागणारच.

“त्या दिवशी तू नि दादा किती चिडला होतात!” ती हसून म्हणाली. “मला मात्र बाई आवडल्या. चूक झाली तर झाली म्हणाल्या, आणि चुकीचं माप घेतलं नाही.”

तो एक दिवसाचा हेलपाटा आता कुणालाच जड वाटत नाही. फक्त जाऊबाई जवळ असल्या की आम्ही हा विषय काढत नाही.